पस्तीस मिनिटांच्या आत

हे लिहायला मला फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं. म्हणाल्या, "सर, नव्यानं निदान झालेल्यांना आधार होईल." मी म्हटलं, लिहीन, पण खरं तेच लिहीन. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या लोकांनी लिहिलेलं मी बरंच वाचलं आहे. ती माणसं शेवटी फार समजूतदार झालेली असतात. मी झालो नाही. मला मत्सर वाटला, अजून वाटतो, आणि सगळ्यात जास्त वाटला तो माझ्या बायकोचा. तुमच्याही पोटात असं काही दुखत असेल तर तुम्ही एकटे नाही, एवढाच आधार माझ्याकडे आहे.

मी पीटीचा शिक्षक. वय बेचाळीस, घर कार्ल्यात, शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर. आता ती सात मिनिटं राहिली नाहीत.

कोण पाय घासतंय?

पंधरा ऑगस्टच्या परेडची तालीम चालली होती. रांगेतून कुणाचा तरी बूट घासत असल्याचा आवाज येत होता. पाय घासणं मला अजिबात खपत नाही. मी शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, "कोण पाय घासतंय?" मी रांगेच्या कडेनं बघत चालत गेलो, तर आवाज माझ्याबरोबर चालत आला. उजवा बूट माझाच होता.

एखाद्याला यात काही तरी गंभीर दिसलं असतं. मला आळस दिसला. एकोणीस वर्षं मुलांना जे सांगत आलो तेच मी माझ्या पायाला सांगितलं. दम लागला की दोन फेऱ्या जास्त मारायच्या. शाळा सुटल्यावर भर उन्हात मैदानावर पळायला लागलो. तिसऱ्या फेरीला पाय लाकडासारखा व्हायचा, नजर धुरकट व्हायची, आणि मी दात खाऊन चौथी मारायचो. चौथीत एकदा तोंडावर आपटलो.

घरी आईचं निदान तयारच होतं. "आरं, गारठा बसलाय पायात. दुसरं काय न्हाई." आमच्या मावळात पावसाळाभर भिंतींना ओल असते, कपडे वाळत नाहीत, त्यामुळे कुठलंही दुखणं आधी गारठ्याच्या नावावर जातं. आईनं निर्गुडीचा पाला आणला, हंड्यात उकळला, आणि मला रोज सकाळी त्या कढत पाण्यानं आंघोळ घालायला लागली. वर विटेचा शेक. आंघोळ झाली की मला मोरीतल्या स्टुलावरून उठता यायचं नाही. आई म्हणायची, गारठा बाहेर पडतोय, म्हणून असं होतं. मग दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत.

दोन महिने आम्ही दोघांनी मिळून असा माझा इलाज केला. मैदानावर मी, मोरीत आई.

निदानाचा दिवस

डावा डोळा दुखायला लागला आणि लाल रंग विटकरी दिसायला लागला, तेव्हा सविता, म्हणजे माझी बायको, मला ओढून पुण्याला घेऊन गेली. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, आणि चौथ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी समोर बसवलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी डाग होते.

मी म्हटलं, "सोपं करून सांगा, मी पीटीवाला आहे." त्यांनी विचारलं, शाळेत माइक असतो ना, त्याच्या वायरीचं वरचं आवरण उंदरांनी कुरतडलं तर काय होतं? मी म्हटलं, आवाज खरखरतो, मधेच बंद पडतो. "तसंच," त्या म्हणाल्या. "तुमच्या नसांवरचं आवरण तुमचंच शरीर कुरतडतंय. पूर्ण बरं करणारं औषध नाही. आवर घालणारं आहे. ते नियमित घ्यावं लागेल."

सविता पाठ ताठ करून बसली होती. तिनं विचारलं, "जिवाला धोका न्हाई ना?" मी विचारलं, "मी पळू शकेन का?" मॅडमनी तिला आधी उत्तर दिलं. माझ्या प्रश्नावर म्हणाल्या, "आधी चालण्याचं बघू."

बाहेर एक मावशी फरशी पुसत होत्या. उकिडव्या बसल्या, फडकं पिळलं, आणि हाताचा आधार न घेता उठून पुढे सरकल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. साठीच्या असतील. मी त्यांच्याकडे इतका रोखून बघत होतो की त्यांनी विचारलं, "काय वो दादा, काय पायजे का?" मला त्यांचे गुडघे पाहिजे होते. निदानाच्या दिवसाचं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच.

पाच दिवस

स्टिरॉइडच्या बाटल्या पाच दिवस चालल्या. तोंडाला सतत नाणं चोखल्यासारखी चव, अंगात उगाचच उत्साह, आणि भूक अशी की सविताच्या डब्यातल्या भाकरीही मीच खायचो. ती कॉटखाली चटई टाकून झोपायची आणि सकाळी उठून माझ्या पायाला टोचून बघायची. "कळतंय?" "कळतंय." "हितं?" "नाही." जिथं नाही म्हणायचो तिथं ती हात ठेवून थोडा वेळ बसायची. तो हात मला कळत नव्हता, पण दिसत होता.

निघताना डॉक्टर मॅडमनी व्यायामाचं सांगितलं, आणि माझी एकोणीस वर्षं एका वाक्यात पुसून टाकली. "दमायच्या आधी थांबायचं." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. व्यायाम हवाच, सोडला तर पाय आणखी ढिले पडतील. पण अंग तापलं की कुरतडलेल्या वायरीतून निरोप पुढे जात नाही. ऊन, ताप, कढत पाणी, सगळं सारखंच. गार झालं की येतं परत. त्यानं आजार वाढत नाही, पण माणूस पडतो. पहाटेच्या गारव्यात दहा मिनिटं चालायचं, बसायचं, पुन्हा दहा मिनिटं. मानेवर ओला टॉवेल.

हे आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "म्हंजी मीच माज्या पोराला शिजवत हुते व्हय?" मी म्हटलं, नाही गं, कुणालाच माहीत नव्हतं. ती उठली, निर्गुडीचा हंडा घासला आणि माळ्यावर ठेवून दिला. त्यानंतर माझं पाणी जरा तरी कोमट लागतंय का, हे ती बोट बुडवून बघायची. मला पुढचे कित्येक आठवडे थंडगार पाण्यानंच आंघोळ घातली गेली.

बाकावर मी, मैदानावर ती

एकट्यानं चालायचं नाही असा हुकूम होता, म्हणून सविता माझ्याबरोबर शाळेच्या मैदानावर यायला लागली. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी शंभरदा म्हटलं असेन, चल फिरायला, तर तिला कधी वेळ नसायचा. आता वेळ होता. पहिला महिनाभर ती दोन फेऱ्यांत धापा टाकायची आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. मी म्हणायचो, "हळूहळू जमेल." अशा आवाजात, की जणू मी तिला शिकवायलाच आलोय.

माझी दहा मिनिटं झाली की मी बाकावर बसायचो, मानेवर टॉवेल घेऊन. नुसतं बसून काय करायचं, म्हणून तेवढ्या वेळात ती फेऱ्या मारायची. मग चालण्याचं भरभर चालणं झालं. मग एक दिवस साडीऐवजी पंजाबी ड्रेस आला. मग बूट आले. मग ती पळायला लागली.

तिचं माहेर कुरवंड्याचं. लहानपणी ती चढ-उतार करत शाळेला लोणावळ्याला यायची, येताना डोक्यावर काही ना काही ओझं. ते पाय सतरा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात उभे होते, आणि आता सुटले. टाच आपटत नाही, खांदे सैल, श्वास नाकानं. मी मुलांना हे शिकवता शिकवता घसा बसवून घेतो आणि हिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. माझे पाय आटत होते आणि तिचे भरत होते, जणू माझ्यातूनच काढून तिच्यात ओतलं जात होतं. असं नसतं हे मला कळतं. कळून उपयोग झाला नाही. गावातल्या बायका तिला म्हणायच्या, "सविता, काय बारीक झालीस गं, तब्येत छान झाली." ती माझ्याकडे बघून म्हणायची, "यांच्या दुखन्यामुळं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

जानेवारीत लोणावळ्याहून कुरवंड्यापर्यंत जाऊन परत येण्याची शर्यत असते, दहा किलोमीटर. माझ्या निदानाला वर्ष झालं त्या ऑक्टोबरात ती म्हणाली, "अवो, मला पळत माहेरला जायचंय. जमंल का?" आणि मग तिनंच अट घातली, माझीच. शाळेत पस्तीस मिनिटांच्या आत पाच किलोमीटर झाल्याशिवाय मी कुणाचंही नाव क्रॉसकंट्रीला देत नाही. "तुमचा नियम त्योच माजा. पस्तीसच्या आत आले तर नाव देते, न्हाईतर उगं हसं नको. घड्याळ तुमी लावा." मोबाइलवर मोजता येतं हे तिला माहीत होतं. पण माझं घड्याळ, पीटीचं स्टॉपवॉच, कधी चुकत नाही हे तिनंच गावभर सांगितलेलं.

मैदानाची फेरी दोनशे मीटरची. पंचवीस फेऱ्या. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती चौतीस मिनिटं बावन्न सेकंदांत आली. वाकून गुडघ्यांवर हात ठेवले, आणि वर बघत विचारलं, "किती आलं?"

मी म्हटलं, "छत्तीस दहा."

का म्हटलं? मी बराच विचार केला आहे. उत्तर एवढंच आहे की मला ते बघवत नव्हतं. ती म्हणाली, "बरं. उद्या." पुढचे तीन आठवडे ती सुधारत गेली आणि मी सेकंद वाढवत गेलो. एकोणीस वर्षांत मी कुणाचं टायमिंग अर्ध्या सेकंदानं इकडचं तिकडं केलं नव्हतं. एका पालकानं दबाव आणला होता तेव्हासुद्धा नाही.

पंचवीस फूट

डॉक्टर मॅडमनी मला घरी एक मोजमाप करायला सांगितलं होतं. पंचवीस फूट सरळ चालायचं, किती सेकंद लागतात ते आठवड्याला एकदा लिहायचं. दवाखान्यात पहिल्यांदा मोजलं तेव्हा साडेआठ आले होते. अंगणात मी फक्कीनं दोन रेघा मारल्या. मी चालायचो, सविता घड्याळ धरायची आणि वहीत लिहायची. साडेआठ. आठ पूर्णांक सात. साडेआठ. मला वाटायचं चला, खाली तर जात नाही. काठी हातात आली होती, तरी आकडा तोच होता. त्या आकड्यावर मी आठवडा काढायचो.

डिसेंबरात तपासणीची तारीख आली. नेमका तोच दिवस शर्यतीला नाव देण्याचा शेवटचा दिवस होता. लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानात सहा वाजेपर्यंत नावं घेणार होते. पहाटे ती शेवटचं पळाली. तेहतीस मिनिटं चाळीस सेकंद. इतकं सुंदर पळताना मी तिला कधीच बघितलं नव्हतं.

"पस्तीस आठ," मी म्हटलं.

"आठ सेकंदांनी गेलं?"

"गेलं."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "राहू द्या. पुढल्या वर्सी बघू." आणि डबा भरायला घरी गेली, कारण माझ्या तपासणीला उशीर व्हायला नको होता.

दवाखान्यात फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा होत्या. मी चाललो. मॅडम म्हणाल्या, "अकरा पूर्णांक चार." मी म्हटलं, तुमचं घड्याळ बघा, घरी साडेआठ येतात. त्यांनी पुन्हा चालवलं. अकरा सहा. मी खिशातलं माझं घड्याळ काढून दिलं. अकरा पाच. मग मॅडमनी वही चाळली आणि सविताकडे बघितलं. सविता फरशीकडे बघत होती.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर साडेआठ सांगितलेत, म्हणून मी औषध बदललं नाही. हे आकडे मी पेशंटला खूश करायला मागत नाही." पुन्हा एमआरआय लिहून दिला आणि औषध बदलावं लागेल म्हणाल्या. वाचणाऱ्यांसाठी या लेखात कामाचं काही असेल तर ते हेच आहे. घरचे आकडे जसे येतील तसे सांगा.

लोकलमध्ये

दुपारची लोणावळा लोकल, डबा निम्मा रिकामा. आम्ही समोरासमोर बसलो.

"तुमचं तोंड बघवत न्हवतं," ती म्हणाली. "पयल्यांदा साडेनऊ आलं तवा तुमी काठीकडं असं बघितलं, की मी साडेआठ म्हनले. मग खाली कसं यायचं तेच कळंना."

खरं सांगतो, मला मजा येत होती. किती तरी महिन्यांनी चूक माझी नव्हती. मला फसवलं गेलं होतं, आणि फसवलेल्या माणसाचा मान असतो तो मी खडकीपासून देहूरोडपर्यंत पुरेपूर भोगला. खिडकीबाहेर बघत बसलो. तिनं डब्यातला लाडू पुढे केला तो घेतला नाही. मग तिनं डोळे पुसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघांनी एकाच घड्याळानं खोटं मोजलं होतं. माझा आकडा वाईट दिसू नये म्हणून तिनं सेकंद कमी केले, आणि तिचा चांगला दिसू नये म्हणून मी वाढवले. खोटं बोलण्यातसुद्धा ती माझ्यापेक्षा सरस निघाली होती, आणि त्याचाही मला मत्सर वाटला. इतका की गप्प बसवेना.

बेगडेवाडीला गाडी थांबली. मी म्हटलं, "सकाळी पस्तीस आठ नव्हतं."

"मग?"

"तेहतीस चाळीस."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "आजचंच?"

"तीन आठवडे झाले. रोज."

"का?"

"तू पळतेस ते मला बघवत नाही."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मी आजाराचं काही तरी बोललो असतो. ती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी. तळेगाव गेलं, वडगाव गेलं. कामशेतला ती परत आली आणि माझ्यासमोर न बसता उभ्यानंच बोलली.

"आजारी तुमी हाय. मी न्हाई. दोघांनी आजारी पडून भागनार हाय का?"

मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाही माहीत नव्हतं.

मळवली आलं. मी काठी घेऊन उठलो. ती जागेवरून हलली नाही. "तुमी उतरा. रिक्षा करा, पायी जाऊ नका. मी लोणावळ्याला जाते. सहाला बंद हुतंय."

निदानानंतरच्या चौदा महिन्यांत मी पहिल्यांदाच एकटा उतरलो. गाडी सुटली तेव्हा खिडकीत ती दिसली, पण माझ्याकडे बघत नव्हती. घड्याळाकडे बघत होती, फलाटावरच्या.

बरोबर

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. आई विचारायची, "काय झालं गं सविता?" तर म्हणायची, "काय न्हाई, शिकवनी चालू हाय." रविवारी अंगणात रेघेवर मला उभं केलं, घड्याळ धरलं, आणि मी पोचलो तसा आकडा मोठ्यानं सांगितला, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असा. "अकरा पूर्णांक सहा." वहीत लिहिला. चेहऱ्यावर काही नाही. मला तो आकडा फार लागला, आणि तरी त्या दिवशी मला कुणीतरी परत खेळाडूंच्या यादीत घेतल्यासारखं वाटलं. नवीन औषध सुरू झालं आहे. आकडा सध्या अकराच्या आसपास आहे. पुढचं माहीत नाही.

शर्यतीच्या दिवशी लोणावळ्यात हाडं गोठवणारा गारठा होता. तो बाकीच्यांना बाधतो, मला मानवतो. पाय त्या दिवशी शहाण्यासारखे वागले. सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी होता. पिस्तूल वाजलं तसं मी घड्याळ दाबलं आणि मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलो. पोरीबाळी, पुण्याहून आलेले रंगीत टीशर्टवाले, सगळे माझ्यासमोरून पळत गेले आणि मी त्या प्रत्येकावर जळलो. एका तासानंतर उठून उभा राहिलो.

ती वळणावर दिसली. केस सुटलेले, ओढणी कमरेला बांधलेली, कपाळावर हळद-कुंकू. जाताना नव्हतं. माहेरच्यांनी रस्त्यात थांबवून लावलं असणार, आणि त्यात तिचे दहा सेकंद तरी गेले असणार. पीटीवाला म्हणून मला राग आला. खांदे सैल होते, टाच आपटत नव्हती. माझ्या पोटात जे दुखायचं ते दुखलंच. तिनं रेघ ओलांडली आणि मी अंगठा दाबला.

"एक तास, नऊ मिनिटं, एकतीस सेकंद," मी म्हटलं.

ती वाकून उभी होती, गुडघ्यांवर हात. श्वास आवरला आणि एक हात पुढे केला. मला वाटलं पाणी मागतेय, म्हणून बाटली दिली. तिनं ती खाली ठेवली आणि पुन्हा हात पुढे केला. मी गळ्यातलं घड्याळ काढून तिच्या हातावर ठेवलं.

तिनं ते डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली. मग पाणी प्यायली.